शेपटीचे चाक आणि सुटलेली दिशा

अमेरिकेत छोट्या विमानांच्या अपघातांचे चौकशी अहवाल वाचत गेले की एक निष्कर्ष पुन्हा पुन्हा समोर येतो: उतरल्यानंतर धावपट्टीवर धावत असताना वैमानिकाला विमानाची दिशा सांभाळता आली नाही. हवा स्वच्छ असते, इंजिन ठीक असते, टाकीत इंधन असते, चाके टेकलेली असतात. तरीही दोन-चार सेकंदांत विमान गरकन फिरते, बाहेरच्या बाजूचा पंख खाली जाऊन जमिनीला घासतो, चाकाचा पाय दुमडतो, कधी नाकावरचा पंखाही वाकतो. वैमानिक बहुतेक वेळा स्वतःच्या पायांनी बाहेर येतो. विमान मात्र कित्येक महिने दुरुस्तीला पडते, काही तर कायमचेच. या प्रकाराला वैमानिक जगभर ग्राउंड लूप म्हणतात, आणि तो प्रामुख्याने शेपटीखाली चाक असलेल्या, म्हणजे टेलव्हील विमानांच्या वाट्याला येतो.

अहवालातला तो निष्कर्ष खोटा नाही. पण घटना जिथे संपली तेवढेच तो सांगतो. गेल्या शंभर वर्षांत विमाने रचणाऱ्यांनी, शिकवणाऱ्यांनी आणि उडवणाऱ्यांनी या प्रश्नाला दिलेली उत्तरे शेजारी शेजारी ठेवून पाहिली, तेव्हा माझे मत असे बनले, की धावपट्टीवर सुटलेली दिशा बहुतेक वेळा चाके टेकण्याच्या आधीच्या क्षणांत सुटलेली असते. विमान किंचित तिरके किंवा किंचित सरकत टेकते, आणि पुढचे सगळे त्यातून येते. हे मान्य केले तर रचनेकडे, प्रशिक्षणाकडे आणि चौकशीकडे पाहण्याची दृष्टी बदलते.

आधी यामागचे यंत्रशास्त्र पाहू. टेलव्हील विमानाची दोन मुख्य चाके गुरुत्वमध्याच्या पुढे असतात आणि तिसरे लहान चाक पार शेपटीखाली. विमान नाकाच्या रेषेत धावते तोवर सगळे सुरळीत असते. समजा नाक जरासे डावीकडे वळले. विमानाचे वजन आधीच्याच सरळ रेषेत जाऊ पाहते, टायर मात्र डावीकडे तोंड करून असतात, त्यामुळे ते आडवे घासतात आणि जमीन त्यांना डावीकडे ढकलते. हा जोर गुरुत्वमध्याच्या पुढे लागत असल्याने नाक आणखी डावीकडे जाते. वळण वाढले की आडवा जोर वाढतो आणि जोर वाढला की वळण. नाकाखाली चाक असलेल्या विमानात मुख्य चाके गुरुत्वमध्याच्या मागे असतात, म्हणून तोच जोर नाकाला परत रेषेवर आणतो. ऊस भरलेली ट्रॉली घेऊन ट्रॅक्टर पुढे निघाला की ट्रॉली मुकाट मागे येते. तोच ट्रॅक्टर मागे घ्यायचा म्हटले की बारीकशा चुकीनेही ट्रॉली तिरकी होते आणि चालकाने वेळीच सावरले नाही तर आडवी होऊन बसते. टेलव्हील विमान उतरल्यापासून थांबेपर्यंत या दुसऱ्या अवस्थेत असते, आणि टेकताना त्याचा वेग ताशी ऐंशी-नव्वद किलोमीटर असतो.

आता एक प्रश्न साहजिक येतो. उड्डाण घेतानाही विमान याच चाकांवर धावते, मग अडचण उतरल्यानंतरच इतकी का वाढते? उड्डाण घेताना इंजिन पूर्ण जोरात असते. पंख्याने मागे फेकलेली हवा थेट रडरवर, म्हणजे शेपटीच्या उभ्या पंखाच्या हलत्या भागावर, आदळते, शिवाय वेग दर सेकंदाला वाढत असतो, म्हणजे वैमानिकाच्या हातातली सत्ता वाढत जाते. उतरताना थ्रॉटल बंद असतो, पंख्याची हवा जवळपास नसते आणि वेग दर सेकंदाला कमी होतो. रडर हवेवर काम करतो. हवा मंदावली की तो दुबळा पडतो. दुसरीकडे शेपटीच्या चाकावर पुरेसे वजन येऊन त्याने जमीन घट्ट धरायला अजून अवकाश असतो. रडर पुरेसा उरलेला नाही आणि शेपटीचे चाक अजून पुरेसे लागलेले नाही, असा एक पट्टा या धावेत येतो, आणि बहुसंख्य विमाने तिथेच फिरतात. तीन चाकांवर बसलेल्या विमानाचे नाक वर असते, त्यामुळे धड स्वतःच रडरसमोरची हवा थोडी अडवते, हेही इथे आठवावे.

त्यात आडवा वारा. शेपटीवरचा उभा पंख वाऱ्यासाठी मोठा पडदाच असतो. वारा त्याला ढकलतो आणि नाक वाऱ्याकडे वळू पाहते. वाऱ्याचा जोर कोनावरही अवलंबून असतो: धावपट्टीशी तीस अंशांत येणारा बारा नॉटचा वारा आडवा मोजला तर सहा नॉटच भरतो, तोच काटकोनात आला की पुरे बारा. विमान हळू होत जाते तसा वाऱ्याचा वाटा वाढतो आणि रडरचा कमी होतो. म्हणून वाऱ्याच्या बाजूचे एलेरॉन, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेचा हलता भाग, वर ठेवण्यासाठी स्टिक त्या बाजूला दाबून धरायची आणि वेग उतरेल तशी ती अधिकच दाबत जायची, असे शिकवतात. नवशिक्या नेमके उलटे करतो. चाके टेकली की त्याला सुटल्यासारखे वाटते आणि हात मोकळा होतो.

एका गोष्टीकडे सहसा दुर्लक्ष होते: मागच्या आसनावर जड माणूस बसला किंवा मागच्या कप्प्यात सामान भरले, की गुरुत्वमध्य आणखी मागे सरकतो आणि हीच प्रवृत्ती तीव्र होते. एकट्याने उडवताना गरीब वाटणारे विमान दोघांनी तसे राहत नाही.

इतिहासाकडे वळले की कळते, की पहिली पंचवीस-तीस वर्षे हा प्रश्न आजच्या रूपात नव्हताच. तेव्हाची विमानतळे म्हणजे गवताची मोकळी मैदाने. वारा जिकडून येईल तिकडे तोंड करून उतरायचे, त्यामुळे आडवा वारा जवळजवळ नसे. शेपटीखाली चाकाऐवजी लोखंडी टोकाची दांडी असे. ती मातीत रुतत जाई आणि विमानाला मागून धरून ठेवी. ब्रेकचे काम तीच करी. टायगर मॉथला मूळ रचनेत ब्रेकच नव्हते. १९२७ साली लिंडबर्ग न्यूयॉर्कहून पॅरिसला गेला त्या विमानालाही शेपटीची दांडीच होती, आणि वैमानिकाच्या समोर इंधनाची टाकी असल्याने त्याला पुढचे सरळ दिसतही नव्हते. मुंबईत १९२८ साली जुहूला विमानतळ झाला तो समुद्रालगतच्या चिखलट सपाटीवर. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन पस मॉथमधून तिथे उतरले. पावसाळ्यात जुहू पाण्याखाली जाई म्हणून टपालसेवेचा मुक्काम पुण्याला हलवावा लागे. जमीन कच्ची होती. उतरणे त्यामुळे कष्टाचे होते, पण मऊ मातीत चाक थोडे घसरून जाई आणि विमानाला सावरायला उसंत मिळे.

मग काँक्रीट आले. विमाने जड झाली, गवत त्यांना पेलेना आणि तिसऱ्या दशकाच्या अखेरीपासून पक्क्या धावपट्ट्या बांधल्या जाऊ लागल्या. धावपट्टीची दिशा कायमची ठरली. वारा तिला जुळवून घेणार नव्हता. टायर काँक्रीटला घट्ट पकडतात, तेव्हा तिरक्या टेकण्याची शिक्षा ताबडतोब मिळू लागली. ग्राउंड लूपसाठी वैमानिकाला जबाबदार धरताना हा बदल विसरला जातो, याची मला खंत वाटते. ज्या रचनेला गवतावर निभावून नेता येत होते, तिला पायाखालची जमीन बदलून पक्क्या पट्टीवर आणले गेले, आणि मधली सगळी जबाबदारी वैमानिकाच्या दोन पायांवर पडली.

या काळातली सर्वात प्रसिद्ध घटना खरे तर उड्डाणाच्या वेळची आहे, पण ती सांगायलाच हवी. २० मार्च १९३७ रोजी होनोलुलूजवळच्या ल्यूक फील्डवर पृथ्वीप्रदक्षिणेला निघालेल्या वैमानिक अमेलिया एअरहार्टचे लॉकहीड इलेक्ट्रा इंधनाने शिगोशीग भरून धावू लागले. विमान एका बाजूला कलले, वळले, मुख्य चाकाचा पाय कोसळला. टायर फुटला की दोन इंजिनांच्या थ्रॉटलने वळण सावरताना ते उलट वाढले, यावर आजही मतभेद आहेत. विमान जहाजाने कॅलिफोर्नियाला परत नेऊन दुरुस्त करावे लागले. ऋतू बदलला म्हणून पृथ्वीप्रदक्षिणेची दिशा उलटी करण्यात आली. त्या नव्या मार्गावर जूनमध्ये ती कराची आणि कोलकात्यालाही उतरली, आणि २ जुलैला हाउलंड बेटाच्या शोधात प्रशांत महासागरावर नाहीशी झाली. मार्चमधले ते वळण घडले नसते तर हाउलंडचा टप्पा प्रवासाच्या सुरुवातीला, ताज्या दमाने आणि आणखी एका जाणकार दर्यावर्दीच्या सोबतीने पार पडला असता.

दुसऱ्या महायुद्धाने या प्रश्नाची खरी परीक्षा घेतली, कारण थोड्या तासांचा अनुभव असलेली हजारो तरुण मुले अतिशय ताकदवान टेलव्हील विमानांत बसवली गेली. जर्मन मेसरश्मिट १०९ चे नाव यात सर्वात आधी येते. त्याच्या चाकांचे पाय पंखांना न जोडता धडाला जोडले होते. त्यामागे चांगला विचार होता: पंख काढले तरी विमान आपल्या पायांवर उभे राही, वाहतूक आणि दुरुस्ती सोपी होई. पण त्यामुळे दोन चाकांमधले अंतर जेमतेम दोन मीटर राहिले आणि पाय बाहेरच्या बाजूला फाकले. विमान वळताना एका बाजूला झुकले की त्या बाजूच्या चाकाचा जमिनीशी असलेला कोन आणि पकड एकदम बदले. त्यात उभे नाक, समोर अंध कोपरा. शत्रूच्या गोळीशिवाय मोडलेल्या १०९ ची संख्या मोठी होती, यावर वाद नाही. पुढच्या काही आवृत्त्यांत शेपटीचा उंच पंख आणि शेपटीच्या चाकाला कुलूप आले.

आता इथे थांबून स्पिटफायर पाहावे. त्याच्या चाकांतले अंतर १०९ पेक्षाही कमी, सुमारे पावणेदोन मीटर. तरीही जमिनीवरची त्याची कीर्ती इतकी वाईट झाली नाही. म्हणजे चाकांमधले अंतर हेच सर्व दोषांचे मूळ, हे सोपे स्पष्टीकरण टिकत नाही. चाके जमिनीला कशी टेकतात, पाय किती लवतात, वजन चाकांच्या किती मागे आहे, नाक किती उभे आहे आणि रडरला किती हवा मिळते या सगळ्यांचा हिशेब एकत्र लागतो. रुंद अंतराच्या फोके-वुल्फ १९० मध्ये किंवा हरिकेनमध्ये पंख जमिनीला टेकण्याची भीती कमी झाली, पण वळण सुरू होण्याचे कारण तसेच राहिले. रुंद पाय उलथणे रोखतो, वळण रोखत नाही.

अमेरिकी कोर्सेअरचे प्रकरण वेगळे आणि शिकण्यासारखे आहे. लांब नाकामुळे पुढे दिसत नसे, डावा पंख उजव्याच्या आधी उचल सोडी, पाय इतके कडक की टेकल्यावर उसळी मारत, आणि शेपटीचे चाक इतके बुटके की धावेत दिशा अस्थिर राही. अमेरिकी नौदलाने ते सुरुवातीला जहाजांवरून दूर ठेवले. अभियंत्यांनी मग उजव्या पंखाच्या पुढच्या कडेला एक छोटी पट्टी बसवली, पायांची लवचिकता बदलली आणि शेपटीच्या चाकाचा पाय उंच केला. विमान सुधारले. या यादीतली पहिली दोन कामे हवेतल्या शेवटच्या क्षणांशी आणि टेकण्याशी संबंधित आहेत, एवढेच लक्षात आणून देतो.

मस्टँगमध्ये वेगळी सोय होती. स्टिक मागे ओढलेली असेल तर शेपटीचे चाक रडरबरोबर दोन्ही बाजूंना जेमतेम सहा अंश वळे. स्टिक पूर्ण पुढे केली तरच ते मोकळे फिरे. उतरल्यावर स्टिक पोटाशी ओढून धरण्याची सवय त्यामुळे रचनेतच बसवली गेली. डकोटात वैमानिकाजवळ शेपटीचे चाक सरळ बांधून ठेवणारा खटका असतो, आणि तो विसरणे महागात पडते. लहान विमानांत शेपटीचे चाक ठराविक कोनापर्यंत रडरचे ऐकते आणि त्यापुढे मोकळे होते. आखडत्या जागेत वळायला हे सोयीचे, पण वळण हाताबाहेर गेल्यावर चाक सोडून देते तेही याच कारणाने. झिजलेल्या स्प्रिंगा, थरथरणारे चाक, एका बाजूला चिकटणारा ब्रेक, एकात कमी हवा असलेले टायर, मुख्य चाकांची किंचित चुकलेली रेषा: यांपैकी काहीही एकटे विमान फिरवत नाही, पण वैमानिकाकडची शिल्लक कमी करते.

रचनाकाराची अडचण सेस्ना १४० मध्ये जितकी स्पष्ट दिसते तितकी क्वचितच दिसते. १९४६ च्या सुमाराच्या या दोन आसनी विमानात जोरात ब्रेक दाबला तर ते नाकावर पडे. उपाय म्हणून काहींच्या चाकांना पुढे सरकवणारे जोड बसवले गेले. नाकावर पडणे थांबले, पण चाके गुरुत्वमध्याच्या आणखी पुढे गेल्याने फिरण्याची ओढ वाढली. एक धोका कमी केला की दुसरा वाढतो, आणि मधली जागा चिंचोळी असते. गुडइयरने त्याच काळात आडव्या वाऱ्यासाठी बाजूला वळू शकणारी मुख्य चाके काढली. काही सेस्ना १९५ वर ती होती. विमान तिरके टेकले तरी चाके प्रवासाच्या दिशेला वळून घेत. कल्पना मुळाशी जाणारी होती, कारण ती टेकण्याच्या क्षणावरच काम करत होती. पण ती जास्त गुंतागुंतीची ठरली आणि मागे पडली.

शेवटी बाजाराने प्रश्नच बाजूला ठेवला. फ्रेड वाइक या अभियंत्याने अर्कूप बनवले तेव्हा चाक नाकाखाली घेतले, आणि तिरके टेकले तरी विमान आपोआप सरळ होई. पायपरच्या पेसरला १९५१ मध्ये नाकाचे चाक मिळून ट्राय-पेसर झाले. सेस्ना १७० ला नाकाचे चाक लावले आणि १९५६ साली सेस्ना १७२ विक्रीला आले. आजवर चव्वेचाळीस हजारांहून अधिक १७२ बनली. जगात इतक्या संख्येने दुसरे विमान झालेले नाही. विमानोड्डाण शिकणे सोपे झाले, हा फायदा मोठा आहे आणि तो नाकारण्याचे कारण नाही. फक्त तिरके टेकण्याची सवय सुटली नाही, तिची शिक्षा सौम्य झाली. नाकाच्या चाकावर वाढलेला वैमानिक वर्षानुवर्षे थोडा सरकत उतरत राहतो आणि विमान त्याला माफ करत राहते.

भारतात ही कथा मराठी माणसाच्या हातून गेलेली आहे. गटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्याकडे शिकलेले विष्णु माधव घाटगे हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये आले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली रचलेले एचटी-२ हे विमान १९५१ मध्ये उडाले. ते टेलव्हील होते. हवाई दलाच्या पिढ्या त्यावर पहिले धडे शिकल्या आणि त्याची जागा घेणारे एचपीटी-३२ नाकाच्या चाकाचे निघाले. १९५८ मध्ये उडालेले पुष्पक, देशातल्या फ्लाइंग क्लबांचे ओळखीचे उंच पंखांचे विमान, हेही टेलव्हीलच. १९७२ चे शेतीवर औषध फवारणारे बसंत तसेच. हवाई दलातले हार्वर्डही त्याच घराण्यातले, आणि त्यावर शिकलेल्या जुन्या वैमानिकांना विचारले तर उतरल्यानंतरचे क्षण ते आजही तपशिलाने सांगतात. एचटी-२ आणि पुष्पकनंतर आपल्या क्लबांमध्ये सेस्नाचे नाकचाकी युग आले आणि हा अनुभव एका पिढीबरोबर संपत गेला. आज हवाई दलाच्या जुन्या विमानांच्या ताफ्यात टायगर मॉथ आणि हार्वर्ड आहेत. २०१८ साली त्यात परशुराम नावाचा डकोटा दाखल झाला. व्हीपी ९०५ या क्रमांकाने रंगवलेला तो डकोटा २७ ऑक्टोबर १९४७ रोजी शीख रेजिमेंटच्या जवानांना घेऊन श्रीनगरच्या कच्च्या धावपट्टीवर उतरलेल्या विमानांची आठवण सांगतो. त्या दिवशीच्या वैमानिकांनी धुळीने भरलेल्या पट्टीवर, एकामागून एक, भरलेली टेलव्हील विमाने उतरवली. आज ती विमाने सांभाळणाऱ्यांना तीच कला आधुनिक विमानांवरून येऊन वेगळी शिकावी लागते.

ती कला काय असावी, यावर वैमानिकांत जुना वाद आहे. एक पक्ष तिन्ही चाके एकदम टेकवणाऱ्या लँडिंगचा. यात वेग सर्वात कमी असतो आणि शेपटीचे चाक पहिल्या क्षणापासून जमीन धरते. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते: साठ नॉटला टेकलेल्या विमानात पंचेचाळीस नॉटला टेकलेल्यापेक्षा जवळपास पावणेदोन पट ऊर्जा असते, आणि फिरणे घडलेच तर ती सगळी चाकांच्या पायांवर येते. दुसरा पक्ष व्हील लँडिंगचा: आधी फक्त मुख्य चाके टेकवायची, शेपटी हवेत ठेवायची. नाक खाली असल्याने पुढचे दिसते, रडरला भरपूर हवा मिळते, आणि झोताच्या वाऱ्यात विमान पुन्हा उचलले जाण्याची शक्यता कमी होते. पण शेपटी कधी ना कधी खाली आणावीच लागते, आणि ती उतरत असताना तोच दुबळा पट्टा पार करावा लागतो. झोत जोराचे असतील तर मी दुसऱ्या पक्षाकडे झुकतो, वारा शांत असेल तर पहिल्याकडे. जड विमानांचे वैमानिक बहुधा दुसऱ्याकडे असतात, आणि डोंगराळ भागातल्या आखूड पट्ट्यांवर उतरणारे पहिल्याकडे. दोन्ही पक्षांच्या जाणत्या लोकांचे एका गोष्टीवर मात्र पूर्ण एकमत दिसते: टेकताना नाक, धावपट्टी आणि विमानाची चाल या तिन्ही रेषा एकच असाव्यात, आणि बाजूला सरकणे शून्य असावे. वाऱ्याच्या बाजूचा पंख थोडा खाली, रडर उलट दिशेने, एका चाकावर आधी टेकणे: ही सगळी त्या एका अटीची साधने आहेत.

धाव सुरू झाल्यावर पाय सतत काम करत असावे लागतात. वळण दिसेपर्यंत थांबणारा वैमानिक उशिरा पोहोचतो, मग घाईने पुरा रडर देतो, विमान सरळ होऊन उलट बाजूला जाते आणि दुसरे वळण पहिल्यापेक्षा मोठे निघते. लहान, लवकरची, लगेच मागे घेतलेली दाबणी हाच उपाय. नाक वर असल्याने समोरची पट्टी झाकली जाते, म्हणून नजर दूर आणि दोन्ही कडांवर ठेवायची. ब्रेक शेवटचे, आणि एकाच बाजूचे. काही जुन्या विमानांत ते टाचेने दाबायचे असतात आणि घाईत टाच सापडत नाही. वळण सुरुवातीलाच असेल तर थ्रॉटलचा एक झटका रडरवर हवा आणतो आणि विमान वाचते. पण बहुतेक छोट्या इंजिनांचा जोर नाक डावीकडे ओढतो, तेव्हा वळण आधीच डावीकडचे असेल तर तोच झटका बिघडवतोही. पुन्हा उड्डाण घेण्याचा निर्णय त्यामुळे अगदी लवकर घ्यायचा असतो, आणि तो घ्यायची तयारी टेकण्याच्या आधीच मनात हवी. फ्लॅपच्या खटक्याकडे वाकणे, रेडिओवर बोलणे, बाहेर पडायचा रस्ता शोधणे, यांतल्या कशालाही त्या धावेत जागा नसते. पट्टीच्या शेवटच्या टप्प्यात, वेग चालण्याइतका झाल्यासारखा वाटू लागला तेव्हा, फिरलेली विमाने कमी नाहीत.

नियमांनी याची दखल घेतली आहे. अमेरिकेत टेलव्हील विमान मुख्य वैमानिक म्हणून उडवण्यासाठी प्रशिक्षकाची वेगळी नोंद लागते. साधे आणि आडव्या वाऱ्यातले उड्डाण व उतरणे, व्हील लँडिंग आणि उतरणे सोडून पुन्हा वर जाणे यांत शिकाऊ तरबेज आहे असे त्याने लिहून द्यावे लागते. १५ एप्रिल १९९१ पूर्वी अशी विमाने मुख्य वैमानिक म्हणून उडवलेल्यांना यातून सूट आहे. विमा कंपन्या त्याहून कडक असतात आणि त्या विशिष्ट विमानावरचे तास मागतात. हे सगळे योग्यच आहे. अडचण अशी, की शिकवणारेच आता बहुतेक नाकचाकी विमानांवर वाढलेले आहेत. शांत हवेत, रुंद पट्टीवर नोंद मिळते, आणि पहिला खरा आडवा वारा शिकाऊ वैमानिकाला एकट्याने भेटतो.

टेलव्हील विमाने तरीही जाणार नाहीत. अलास्काच्या नदीपात्रातल्या दगडांवर नाकाचे चाक टिकत नाही. पंखा जमिनीपासून उंच राहावा लागतो. शेतीवर फवारणी करणारी एअर ट्रॅक्टर विमाने, कसरतींची पिट्स, कॅनडाची बीव्हर, सोव्हिएत अंतोनोव्ह-२ सगळी त्याच रचनेची. ती वापरणाऱ्यांसाठी एका सरावाचा मी आग्रह धरीन, कारण तो दुखण्याच्या मुळाशी जातो. प्रशिक्षकाला बरोबर घेऊन, आडव्या वाऱ्याच्या दिवशी, धावपट्टीवर हात-दोन हात उंचीवरून उडत जायचे आणि टेकायचे नाही. नाक पट्टीच्या रेषेत बांधून ठेवायचे, पंख कलवून विमान मधल्या रेषेवर धरायचे, मग मुद्दाम एका कडेकडे सरकवायचे, पुन्हा मधोमध आणायचे, आणि पट्टी संपायच्या आत वर जायचे. जमेल तेव्हा वाऱ्याकडचे एकच चाक टेकवून तसेच चालवायचे. एकेका उतरण्यात सरकणे ओळखून थांबवायला दोन-तीन सेकंद मिळतात; या सरावात एका फेरीत वीस-तीस मिळतात. चौकशी अहवालांनीही टेकण्याच्या क्षणी नाक कुठे होते आणि विमान कोणत्या बाजूला सरकत होते, हे वेगळे नोंदवायला सुरुवात करावी. विमानात लावलेल्या साध्या कॅमेऱ्यांतून आणि जीपीएसच्या नोंदीतून ते आता बऱ्याचदा कळू शकते.